पात्राच्या मुखाने : ग्रीक-रोमन शाळांतील स्वभावाभ्यासाची एक पद्धती

इ. स. १८७० च्या सप्टेंबरात इटलीच्या सैन्याने रोम शहर घेतले, त्या धामधुमीत शहराच्या तटातील पोर्ता सालारिया या प्राचीन वेशीची मोडतोड झाली. पुढील वर्षी त्या वेशीचे बुरूज पाडीत असता एका बुरुजाच्या पोटात एक संगमरवरी थडगे आढळले. सम्राट ऑरेलियनच्या काळी, म्हणजे इ. स. २७१ च्या सुमारास, तट घाईने उभारताना वाटेत आलेली जुनी थडगी तशीच बांधकामात घेतली गेली होती; हे त्यांपैकी एक. त्याच्या कोनाड्यात टोगा ल्यालेल्या एका मुलाची मूर्ती आहे व त्याच्या हाती ग्रंथाची गुंडाळी आहे. लेखावरून कळते, की मुलाचे नाव क्विंटस सुल्पिसियस मॅक्सिमस असून मृत्युसमयी त्याचे वय ११ वर्षे, ५ महिने व १२ दिवस होते. इ. स. ९४ मध्ये सम्राट डोमिशियनने चालविलेल्या कॅपिटोलाइन स्पर्धेत ५२ ग्रीक कवींमध्ये हा मुलगा उभा राहिला आणि मानाने परतला. त्याने तेथे ऐनवेळी रचलेल्या ४३ ग्रीक ओळी आईबापांनी दगडावर कोरविल्या आहेत. केवळ पुत्रप्रेमाने आपण त्याची थोरवी गात आहो असे कोणास वाटू नये म्हणून या ओळी खाली दिल्या आहेत, असा खुलासाही त्यांनी केला आहे.

साहित्याच्या इतिहासात या ओळींस मोठे स्थान नाही. प्रस्तुत लेखकास त्यांचे महत्त्व वाटते ते त्यांच्या शीर्षकामुळे. सूर्यदेव हेलिओस याने आपला रथ आपल्या पुत्रास, फेथॉनास, हाकावयास दिला आणि पृथ्वी होरपळली. त्याबद्दल हेलिओसची कानउघाडणी करताना झ्यूस कोणते शब्द योजील, असे ते शीर्षक आहे. 'अमुक व्यक्ती अमुक प्रसंगी कोणते शब्द योजील' हा साचा ग्रीक भाषेच्या शालेय लेखनपुस्तकांत जसाच्या तसा सापडतो. म्हणजे आज ज्या वयात मुले आपल्याकडे सहावीच्या वर्गात बसतात त्या वयाच्या एका मुलाने शाळेत गिरविलेला अभ्यासप्रकार भर स्पर्धेत करून दाखविला होता. या अभ्यासप्रकारास ग्रीक लोक 'एथोपोइया', म्हणजे स्वभावनिर्मिती, असे म्हणत. साहित्यातील व्यक्तींचे स्वभाव मुलांना उलगडून कसे दाखवावेत या प्रश्नाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा प्रारंभ येथून करावा लागेल असे आमचे मत आहे.

प्रथम या शाळांची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. अक्षरओळख झाल्यावर मुलगा साधारणतः अकराव्या-बाराव्या वर्षी 'ग्रामाटिकोस' या शिक्षकाकडे जाई. त्याचे काम नावाप्रमाणे केवळ व्याकरणाचे नसे. होमर, युरिपिडीस, आणि लॅटिन शाळांत व्हर्जिल, असे कवी तो ओळीओळीने वाचून घेई. पुढे पंधरा-सोळाच्या सुमारास मुलगा वक्तृत्वशिक्षकाच्या हाती सोपविला जाई. या दोन पायऱ्यांच्या सांध्यावर 'प्रोजिम्नॅस्माटा' म्हणजे पूर्वाभ्यास या नावाची लेखनमाला होती. प्राणिकथा, आख्यान, सुवचनाचा विस्तार, स्तुती, निंदा, तुलना असे चढत्या श्रेणीचे प्रकार तीत असत. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील अफ्थोनियसच्या पुस्तकात त्यांची संख्या १४ आहे व एथोपोइया हा त्यांतला बराच वरच्या पायरीचा प्रकार होय. कोणता प्रकार कोणत्या शिक्षकाने शिकवावा यावरून तंटेही होत. लॅटिन व्याकरणशिक्षक आपल्या हद्दीबाहेर जाऊन वक्तृत्वशिक्षकाचे काम बळकावतात, अशी पहिल्या शतकाच्या अखेरीस क्विंटिलियनची तक्रार आहे. तक्रार व्हावी इतका तो प्रघात रूढ होता, म्हणूनच मधल्या वयाची मुले हे अभ्यास करीत असत असे आपणास म्हणता येते.

येथे एका पाठभेदाचा उल्लेख करणे अवश्य आहे, कारण आपल्या विषयाचा सारा पेच त्यात सामावला आहे. क्विंटिलियनच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात व्याकरणशिक्षकाने कोणकोणती लेखने करवून घ्यावीत त्याची यादी आहे. तीत सुवचनांच्या जोडीस एक शब्द येतो. काही अभ्यासक तो 'एटिओलोगिया', म्हणजे कारणमीमांसा, असा वाचतात. काही 'एथोलोगिया', म्हणजे स्वभाववर्णन, असा वाचतात. वाद अद्याप मिटलेला नाही. पण 'एथोलोगिया' ही संज्ञा काल्पनिक नव्हे. सेनेकाने आपल्या ९५ व्या पत्रात ती पोसिडोनियस या तत्त्वज्ञाची म्हणून दिली आहे, व काही लोक तिला 'काराक्टेरिस्मोस' म्हणतात असेही सांगितले आहे. एकेका सद्गुणाचे वा दुर्गुणाचे वर्णन करून त्याची लक्षणे दाखविणे असा तिचा अर्थ. याचा अर्थ असा, की प्राचीनांपुढे स्वभाव शिकविण्याच्या दोन वाटा होत्या. एका वाटेने जाणारा मनुष्य स्वभावाचे वर्णन बाहेरून करतो : कृपण असा असतो, शूर असा असतो. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यास त्या माणसाच्या जागी उभे राहून बोलावे लागते. पहिली वाट नीतिशिक्षणास सोयीची होती, हे सेनेका स्वतःच सुचवितो. शाळेने लेखनासाठी विशेष जोपासली ती मात्र दुसरी.

दुसऱ्या वाटेवर मुलास मोकळे सोडून देत नसत. थिऑन हा बहुधा पहिल्या शतकातील लेखक. त्याच्या पूर्वाभ्यासाच्या पुस्तकात या प्रकारास 'प्रोसोपोपोइया' असे नाव आहे. लिहिण्यापूर्वी काय काय ध्यानात घ्यावयाचे ते तो क्रमाने सांगतो. बोलणारा कोण आहे आणि ज्याच्याशी बोलतो आहे तो कोण आहे, दोघांचे वय, प्रसंग, स्थळ, समाजातील दर्जा, आणि ज्या विषयावर बोलावयाचे तो विषय. स्त्रीचे बोलणे पुरुषाहून, दासाचे स्वतंत्र नागरिकाहून, प्रेमात पडलेल्याचे संयमी माणसाहून निराळे असावयास हवे. स्पार्टाच्या माणसाने थोडके बोलावे, अथेन्सच्या माणसाने ऐसपैस. त्याची उदाहरणेही घरगुती आहेत. प्रवासास निघालेला नवरा बायकोशी काय बोलेल, हा त्याच्या यादीतील एक प्रश्न आहे. आणि धोक्याच्या प्रसंगी सेनापती सैनिकांशी काय बोलेल, हा त्याच्याच शेजारचा. याच निकषावर तो थोर कवींनाही तपासतो. ज्याच्या त्याच्या तोंडी शोभेल असे भाषण घालतो म्हणून होमरची तो स्तुती करतो, आणि युरिपिडीसची हेक्युबा भलत्या वेळी तत्त्वज्ञान सांगत बसते म्हणून त्यास दोष देतो.

आपल्याकडील वाचकास येथे औचित्यविचाराची आठवण होईल. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याने 'औचित्यविचारचर्चे'त हीच कसोटी विस्ताराने लावली आहे, आणि धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत हे नायकभेद भरताच्या परंपरेपासून परिचित आहेत. साम्य आहे, संबंध आहे असे सुचविण्याचा हेतू नाही. शिवाय एक फरक नजरेआड करून चालणार नाही. आपल्या शास्त्रकारांपुढे कवी आणि रसिक होते, थिऑनपुढे वही घेऊन बसलेला मुलगा होता.

या वहीत काय उतरत असे याचा उत्तम नमुना अफ्थोनियसने दिला आहे. आपली सर्व अपत्ये मारली गेल्यावर निओबी कोणते शब्द बोलेल, हा त्याचा विषय. टँटॅलसची ही कन्या आपल्या लेकरांच्या संख्येचा गर्व करून लेटो देवीस हिणविते आणि लेटोची मुले, अपोलो व आर्टेमिस, तिची मुले बाणांनी मारतात, ही कथा विद्यार्थ्यास आधीच पाठ असे. कथा नव्याने सांगावयाची नव्हतीच. अफ्थोनियसचा दंडक असा, की भाषणाचे तीन काळांत विभाग करावेत : वर्तमान, भूत आणि भविष्य. म्हणून निओबी आधी आताचे बोलते. लेकुरवाळी होते ती निपुत्रिक झाले. मग ती मागे वळते. देवांच्या पंक्तीस बसणाऱ्या बापाची मी मुलगी, आणि त्याच सलगीतून हा घात झाला. अखेरीस पुढचे. आता कोठे जाऊ, इतक्या मुलांना कोणते थडगे पुरेल. देवांना विनवून हा देहच बदलून घ्यावा, पण तसे झाले तरी आसवे थांबतील असे वाटत नाही.

वरवर पाहता हा एक ठोकळेबाज आराखडा आहे. परंतु बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या बाजूने त्याचा विचार केला पाहिजे. 'निओबी गर्विष्ठ होती' हे वाक्य लिहिले की वर्णनाचे काम संपते. तीन काळांचा दंडक मुलास तेथे थांबू देत नाही. आताच्या दुःखात ती कोणता भूतकाळ आठवील, हे त्याला निवडावे लागते. बापाचे वैभव आठवील, की मुलांची बाळपणे, की लेटोशी झालेला तो वाद? जे तो निवडील त्यावरून त्याने निओबीस काय समजून घेतले ते शिक्षकास दिसे. अफ्थोनियसने बापाची पंगत निवडली आहे. दुःखाच्या क्षणीही तिला आपले कूळ प्रथम आठवते, आणि गर्व हा शब्द न उच्चारता गर्व दिसतो. स्वभावपरीक्षण म्हणतात ते याहून फार वेगळे नसावे. बाहेरचा आकार ठोकळेबाज आहे म्हणून आतला विचारही तसाच असला पाहिजे, असे प्राचीन शिक्षणाच्या टीकाकारांनी पुष्कळदा गृहीत धरले आहे. ते आम्हांस घाईचे वाटते. हा प्रकार सर्वांत कठीण, असे क्विंटिलियन म्हणतो त्याचेही कारण हेच. एकच मसलत सीझर एका तऱ्हेने देईल, सिसेरो दुसऱ्या आणि केटो तिसऱ्या. म्हणून नुसते युक्तिवाद जमवून भागत नाही.

लेखनाच्या जोडीस वाचनाचीही बाजू होती. तिचा पुरावा प्लूटार्कच्या एका निबंधात आहे. तरुण मुलाने काव्य कसे ऐकावे हा त्याचा विषय. स्वतःचा मुलगा आणि एका मित्राचा मुलगा वाचनाच्या वयात आले होते, त्या काळजीतून तो लिहिला आहे. कवी दुष्टाचे हुबेहूब चित्र काढतो तेव्हा आपण चित्रणाचे कौतुक करावे, दुष्टपणाचे नव्हे, हे तो परोपरीने समजावितो. हेतू नीतीचाच आहे. तथापि वाटेत तो असे काही करून जातो, की त्यापुढे आजचे पुष्कळ शालेय प्रश्न फिके पडावेत. 'ओडिसी'त राजकन्या नॉसिका समुद्रकाठी सापडलेल्या परक्या पुरुषास पाहून आपणास असा पती मिळावा असे बोलते. प्लूटार्क म्हणतो, कॅलिप्सोप्रमाणे केवळ देहाच्या ओढीने ती असे बोलली असेल तर तिचे वागणे उच्छृंखल ठरेल; पण त्याच्या बोलण्यावरून त्याचे मन ओळखून ती बोलली असेल, तर ती वाखाणण्याजोगी आहे. एकच उद्गार, दोन उलगडे. आणि कोणता खरा याचा शोध मागच्यापुढच्या ओळींत घ्यावयाचा. होमर एखाद्याच्या भाषणाआधी आपला अभिप्राय एखाद्या शब्दाने कसा सुचवून ठेवतो, तेही तो दाखवितो. वृद्ध पुजारी क्रायसीस यास अॅगमेम्नॉन झिडकारतो त्या आधीच कवीने त्याच्या बोलण्यास कठोर म्हटले आहे. म्हणजे मुलाने न्यायनिवाडा अवश्य करावा, परंतु आधाराशिवाय करू नये.

या पद्धतीचे गुणगान करून थांबणे इतिहासास धरून होणार नाही. पहिली गोष्ट अशी, की हे शिक्षण मूठभरांचे होते व बहुतांशी मुलांचे होते. अँटिऑकचा प्रख्यात शिक्षक लिबॅनियस याच्या नावावर २७ एथोपोइया आहेत. त्यांतील काही दुसऱ्यांच्या असाव्यात असे मानतात. पोटच्या मुलांस मारावयास निघालेली मीडिया, हेक्टरच्या प्रेतापाशी अँड्रोमाकी, पॅट्रोक्लसपाशी अकिलीस हे त्यांचे विषय. आपल्याच घराच्या भिंतीवर युद्धाचे चित्र काढलेले पाहून भित्रा मनुष्य काय म्हणेल, किंवा लॉरेलच्या फळीवर अपोलोचे चित्र काढू पाहणारा चितारी रंग धरत नाही म्हणून काय म्हणेल, असे गमतीचे विषयही त्यांत आहेत. (लॉरेल हे वृक्षरूप झालेल्या डॅफ्नीचे झाड, अपोलोपासून ती पळाली होती, हे विद्यार्थ्याने ओळखावयाचे.) स्त्रीच्या दुःखास एवढी जागा देणारा अभ्यासक्रम प्राचीन काळी दुसरा क्वचितच असेल. पण ते दुःख बोलून दाखवावयाचे मुलग्यांनी, आणि पुस्तकातल्या राण्यांचे. घरातील दासीच्या तोंडी एखादे भाषण घालून पाहावे असे या पुस्तककारांच्या मनात येत नाही. थिऑनच्या यादीत दास येतो तो कमी दर्जाची भाषा ओळखता यावी म्हणून. औचित्याची कसोटी तेथे सहज साच्याची कसोटी होते, आणि स्त्री अशीच बोलते, दास असाच बोलतो, हे मूल परीक्षणाआधीच शिकून बसते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. तो खुद्द एका माजी विद्यार्थ्याने घेतलेला आहे. ऑगस्टिन इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते गावी जन्मला. वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास, बिशप झाल्यावर, त्याने आपले आत्मनिवेदन लिहिले. त्याच्या पहिल्या खंडात शाळेतील एका स्पर्धेची हकीकत आहे. ट्रॉयच्या राजास इटलीपासून दूर ठेवणे आपणास साधत नाही म्हणून जूनो देवी संतापते व दुखावते. व्हर्जिलच्या काव्यातील त्या प्रसंगी ती काय बोलली असेल ते मुलांनी गद्यात म्हणून दाखवावयाचे होते. बक्षीस म्हणून शाबासकी, नाही तर अपमान आणि छड्या. गुण कशाला होते तेही त्याने नोंदविले आहे : व्यक्तीच्या थोरवीस साजेल असा राग व शोक ज्याच्या बोलण्यात उत्कटतेने उतरे आणि ज्याचे शब्द आशयास तंतोतंत बसत, त्याची वाहवा होई. ऑगस्टिनची वाहवा झाली. प्रौढपणी मागे पाहताना त्याला हे सारे धूर आणि वारा वाटते. डिडोच्या मरणासाठी आपण रडलो आणि स्वतःच्या आत्म्याच्या मरणासाठी डोळ्यांत टिपूस आले नाही, याची त्याला खंत आहे.

ऑगस्टिनची खंत धर्मनिष्ठेतून आली आहे हे खरे. तरी तिच्यातील शिक्षणविषयक मुद्दा धर्माबाहेरही उभा राहतो. दुसऱ्याच्या भावनेचे सोंग शाबासकीसाठी वठविण्याची सवय मुलास लावावी काय? आणि सोंग उत्तम वठले म्हणजे माणूस समजला असे शिक्षकाने कशावरून मानावे? क्विंटिलियन किंवा थिऑन यांच्याकडे याचे उत्तर नाही. त्यांना वक्ते तयार करावयाचे होते. न्यायालयात अशिलाच्या मुखाने बोलणे हा त्या वक्त्यांचा पुढचा धंदा होता. आमच्या मते ऑगस्टिनच्या तक्रारीतच तिचे अर्धे उत्तर आहे. तीसएक वर्षांनंतर, त्या काव्याविषयी मनात अढी असतानाही, जूनोच्या रागाचे कारण आणि त्या रागात मिसळलेले दुःख त्याला नेमके आठवते. त्याच्या लेखनात मनाच्या उलटसुलट हालचालींचा जो सूक्ष्म मागोवा आढळतो त्याची तालीम त्याला कोठे मिळाली असावी, हा प्रश्न निदान विचारण्याजोगा आहे. उरलेले अर्धे उत्तर आमच्याजवळही नाही. छड्या आणि शाबासकी यांच्यामध्ये उभ्या असलेल्या मुलास जूनोचे दुःख खरोखर कितपत भिडले, हे त्या वर्गातील ज्या दुसऱ्या मुलांची वाहवा झाली नाही त्यांनाच सांगता आले असते. त्यांतल्या कोणी काही लिहून ठेवलेले नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात असा. इ. स. ५०० च्या सुमारास प्रिस्कियनने हर्मोजेनीसच्या नावावरील पूर्वाभ्यासांचे लॅटिन भाषांतर केले व ते पश्चिम युरोपात टिकले. सोळाव्या शतकात अफ्थोनियसचे लॅटिन रूप राइनहार्ड लोरिखच्या टीपांसह छापले गेले व इंग्लंडच्या ग्रामर शाळांतून फिरले. शेक्सपिअरच्या पात्रांच्या स्वगतांत या अभ्यासाचा वाटा किती, याची चर्चा अभ्यासक करतात. स्ट्रॅटफर्डच्या शाळेचे त्या काळचे हजेरीपट उपलब्ध नसल्याने ती अनुमानावर चालते. पण त्याच शतकाच्या शेवटी दुसरी वाटही पुन्हा उजेडात आली. १५९२ मध्ये आयझॅक कॅसोबाँने थिओफ्रास्टसची 'स्वभावलक्षणे' संपादिली, १६०८ मध्ये जोसेफ हॉलने सद्गुण-दुर्गुणांची स्वभाववर्णने इंग्रजीत लिहिली, आणि बोलक्या व्यक्तीऐवजी लक्षणांनी बांधलेला नमुना लोकप्रिय झाला.

आपल्या मराठी शाळांतही या दोन्ही वाटांच्या खुणा दिसतात. त्या कोठून आल्या हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. 'अमक्याचे स्वभावचित्र रेखाटा' हा प्रश्न पहिल्या वाटेवरचा. विद्यार्थी त्याला प्रेमळ, स्वाभिमानी, कष्टाळू अशी विशेषणे एकाखाली एक मांडून उत्तर देतात, आणि पुष्कळदा तीच विशेषणे दुसऱ्या पाठातील दुसऱ्या व्यक्तीसही चालतात. फाटक्या पुस्तकाचे किंवा पडक्या वाड्याचे आत्मवृत्त दुसऱ्या वाटेवरचे. पण तेथे वस्तू बोलतात, ज्या पाठातील माणसांशी मुलांचा वर्षभर सहवास असतो ती बोलत नाहीत. 'कोण, कोणास व केव्हा म्हणाले?' हा साधा प्रश्न मात्र कुतूहल वाढविणारा आहे. थिऑनच्या यादीतील बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग हे तिन्ही त्यात हजर आहेत. आपण तो स्मरणशक्तीच्या परीक्षेसाठी वापरतो. वाक्य पाठातले न घेता नवे घेतले आणि ते पाठातील कोणाच्या तोंडी शोभेल व का, असे विचारले, तर तो थिऑनचाच प्रश्न होईल.

सुल्पिसियसच्या थडग्याविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्यावर त्या ४३ ओळींखेरीज दोन लहान ग्रीक कविताही आहेत. रात्रंदिवस विद्येचाच ध्यास घेतल्याने आजार आणि शीण यांनी त्याला नेले, असे त्यांतील एक सांगते. बाप सुल्पिसियस यूग्रामस व आई लिसिनिया जानुआरिया ही नावांवरून मुक्त झालेल्या दासवर्गातील असावीत असे अभ्यासक मानतात. मुलाची विद्या ही त्या घराची वर जाण्याची वाट असणार. मुलाने स्पर्धेत ज्याच्या मुखाने भाषण केले तो झ्यूस एका बापाला रागे भरत होता, आणि त्या बापाचा अपराध हा, की त्याने आपल्या अल्पवयी मुलाच्या हाती त्याला न पेलणारे काम दिले होते. दगडावर कोरण्यासाठी यूग्रामसने त्या ओळी पाथरवटाच्या हवाली केल्या, तेव्हा त्याने त्या वाचल्या असतीलच.